‘स्वखुशीने’चं इंग्रजी: विल, चॉइस, कन्सेंट कुठे काय लिहायचं

“आय ॲम गिव्हिंग माय रिझाइन बाय माय ओन विल.” खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याला, तहसीलबाहेरच्या टायपिंगच्या टपरीवर चार इंग्रजी राजीनामे चाळले तर अशी एखादी ओळ हाताला लागतेच. तिच्यात तीन चुका आहेत. ‘रिझाइन’ हे क्रियापद आहे, ते ‘देता’ येत नाही. देतात ते ‘रेझिग्नेशन’. ‘बाय’च्या जागी ‘ऑफ’ हवं. आणि नुसतं ‘विल’ इथे लंगडं पडतं, ‘फ्री विल’ हवं. पहिल्या दोन चुका व्याकरणाच्या आहेत, त्या कोणीही दाखवून देईल. तिसरी अर्थाची आहे आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

मराठीत इच्छा, मर्जी, खुशी, पसंती, संमती हे शब्द एकमेकांच्या घरात सहज ये-जा करतात. ‘माझ्या मर्जीने’ म्हटलं की दबाव नव्हता, दुसरे मार्ग होते, मला आवडलं, मी होकार दिला, असे चारही अर्थ निघू शकतात. त्यातला कुठला घ्यायचा ते ऐकणारा प्रसंगावरून ठरवतो. इंग्रजीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत आणि कागदावर प्रसंग दिसत नाही. म्हणून आधी अर्थ सुटा करायचा, मग शब्द शोधायचा. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

## तयारी: टाइप करायला बसण्याआधी

मूळ मराठी वाक्य पूर्ण लिहून समोर ठेवा. मनातल्या मनात मराठी आणि बोटांनी इंग्रजी, असं करू नका; ‘स्वतःच्या’, ‘कोणाच्याही’, ‘न येता’ असे छोटे शब्द तिथेच गळतात.

इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्या, शक्यतो विद्यार्थ्यांसाठीचा, ज्यात प्रत्येक शब्दाखाली नमुन्याची वाक्यं असतात. मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये ‘इच्छा’ टाकलं तर विश, विल, डिझायर एका रांगेत उभे राहतात. कोण कुठे बसतो ते त्या रांगेवरून कळत नाही.

कागद कायद्याचा असेल तर त्या अधिनियमाचा इंग्रजी मजकूरही जवळ हवा. केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. का हवा, ते चौथ्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: मराठी वाक्य सोलून घ्या

वाक्याला चार प्रश्न विचारा, याच क्रमाने.

१. कोणी जबरदस्ती केली नाही, एवढंच सांगायचं आहे का? मग शब्द ‘विल’ किंवा ‘व्हॉलंटरी’च्या घरातला.

२. समोर एकाहून जास्त मार्ग होते, हे सांगायचं आहे का? मग ‘चॉइस’, ‘ऑप्शन’, ‘प्रेफरन्स’ यांपैकी एक.

३. दुसऱ्याने काही विचारलं आणि त्याला होकार दिला, असं आहे का? मग ‘कन्सेंट’.

४. पदामुळे मिळालेला ठरवण्याचा अधिकार आहे का? मग ‘डिस्क्रिशन’.

यांतले पहिले तीन कप्पे एकाच प्रसंगात कसे सुटे होतात ते रावेरच्या केळीच्या बागेत पाहू. माल कापणीला आलाय आणि व्यापारी आजचा भाव सांगतोय. शेतकऱ्यापुढे तीन वाटा आहेत: आज कापायचं, आठ दिवस थांबायचं किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याला बोलवायचं. या तीन वाटा म्हणजे ‘ऑप्शन्स’. त्यांतून एक धरण्याची त्याला मोकळीक आहे, म्हणजे ‘ही हॅज अ चॉइस’. त्याचं मन थांबण्याकडे आहे, ती झाली ‘प्रेफरन्स’. तरीही घरात लग्न असल्याने त्याने आजच कापायचं ठरवलं, तो झाला ‘डिसिजन’. व्यापारी म्हणाला, पैसे पुढच्या बाजाराला देईन, चालेल का? शेतकरी ‘चालेल’ म्हणाला, तो ‘कन्सेंट’. आता याच व्यापाऱ्याकडून शेतकऱ्याने उचल घेतलेली असेल आणि ‘माल मला दिला नाहीस तर आजच्या आज पैसे टाक’ असा दम मिळाला असेल, तर ‘चालेल’ हा शब्द तोच राहतो, पण त्या कन्सेंटला ‘फ्री’ म्हणता येईल का, हा प्रश्न उभा राहतो. आणि ‘विल’? ती माणसाच्या आत असते. बागेत ती दिसत नाही, तिच्यावर दाब आला की मगच तिचं नाव निघतं.

तपासणी: मराठी वाक्यात ‘मर्जी’ खोडून त्या जागी ‘दबावाशिवाय’, ‘पर्याय म्हणून’, ‘होकार देऊन’, ‘अधिकारात’ हे चार शब्दप्रयोग एकेक करून बसवून पाहा. जो बसला तो कप्पा तुमचा. दोन बसले तर वाक्यात खरोखर दोन गोष्टी आहेत. इंग्रजीतही दोन शब्द लागतील.

घरगुती बोलण्यातली मर्जी मात्र या चारही कप्प्यांबाहेरची. अहिराणीत कोणी ‘तुनी मर्जी’ म्हणालं तर त्याचं इंग्रजी ‘इट्स युवर विल’ होत नाही. साधं ‘इट्स अप टू यू’. तोच शब्द नाक मुरडून म्हटला असेल तर ‘सूट युवरसेल्फ’.

## टप्पा २: घरातला नेमका शब्द उचला

### विल आणि त्याचे भाऊबंद

‘फ्री विल’ हे नाम आहे आणि दोन सुट्या शब्दांत लिहितात. याउलट ‘गुडविल’ आणि ‘विलपॉवर’ जोडून लिहितात. विलपॉवर म्हणजे मनाचा निग्रह, गुटखा सोडायला लागतो तो. त्याचा स्वखुशीशी संबंध नाही. गुडविल म्हणजे सदिच्छा, धंद्यात दुकानाचा नावलौकिक.

फ्री विल जपून वापरा. जिथे जबरदस्तीची शंका येऊ शकते तिथेच तो शब्द शोभतो: दस्त, जबाब, कबुली. रजेच्या अर्जात ‘ऑफ माय ओन फ्री विल’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की या माणसाला रजेवर जायला कोण ढकलत होतं? साध्या राजीनाम्यातही त्याची गरज नसते. (ज्याच्यावर खरोखर दबाव असतो त्याच्याकडूनच ही ओळ आग्रहाने लिहून घेतली जाते, हेही ध्यानात असू द्या.)

‘व्होलिशन’ म्हणजे जवळपास तेच, जरा कडक इस्त्रीचं. ‘अकॉर्ड’ थोडा वेगळा आहे: ‘ऑफ हर ओन अकॉर्ड’ म्हणजे कोणी न सांगता, आपणहून. स्वखुशीने म्हणजे कोणी भाग पाडलं नाही. आपणहून म्हणजे कोणी सुचवलंही नाही. निर्जीव वस्तूलाही अकॉर्ड चालतो. दार आपोआप उघडलं, ‘ऑफ इट्स ओन अकॉर्ड’. दाराला फ्री विल नसते.

‘विलिंग’ने सर्वांत जास्त घोटाळा होतो. त्याचा अर्थ ‘इच्छुक’ असा धरला जातो, पण खरा अर्थ आहे ‘तयार’. धडगावच्या बदलीचा अर्ज घ्या. ‘आय ॲम विलिंग टू वर्क ॲट धडगाव’ याचा अर्थ, पाठवलंत तर जाईन, हरकत नाही. ‘आय वुड लाइक टू वर्क ॲट धडगाव’ म्हणजे मला तिथेच जायचं आहे. पहिल्या वाक्यात तयारी आहे, ओढ नाही. विनंती बदलीच्या अर्जात ‘विलिंग’ लिहिणारा स्वतःचीच मागणी पातळ करून ठेवतो. उलट कार्यालयाने विचारणा केली असेल आणि तुम्हाला फक्त हरकत नाही एवढं कळवायचं असेल, तर ‘विलिंग’ अगदी बरोबर. ‘आय हिअरबाय गिव्ह माय विलिंगनेस’ ही कचेरीतली घडण टाळा. ‘आय ॲम विलिंग टू’ पुरे.

इशारा: ‘विलफुल’ म्हणजे स्वेच्छेने नव्हे. त्याचा अर्थ मुद्दाम, हटवादीपणे. बँका ‘विलफुल डिफॉल्टर’ म्हणतात तो ऐपत असून कर्ज बुडवणारा. ‘आय विलफुली डोनेटेड’ असं देणगीच्या पत्रात लिहिलं की दान करणाऱ्याने काही गुन्हा केल्यासारखं वाचायला येतं.

‘ॲट युवर ओन स्वीट विल’ हा प्रयोग आपल्याकडे गोड समजून वापरतात. त्यात टोमणा असतो: तुझ्या मनाला येईल तेव्हा. साहेबांना लिहिलेल्या अर्जात तो कधीच नको.

### व्हॉलंटरी

हे विशेषण कृतीला लागतं: व्हॉलंटरी रिटायरमेंट, व्हॉलंटरी ब्लड डोनेशन. क्रियाविशेषण ‘व्हॉलंटरिली’. ‘व्हॉलंटिअरली’ असा शब्द इंग्रजीत नाही. व्हॉलंटिअर म्हणजे स्वयंसेवक.

व्हॉलंटरी नेहमी चांगल्या कामालाच लागतो असंही नाही. भारतीय न्याय संहिता २०२३ च्या कलम ११५ मध्ये ‘व्हॉलंटरिली कॉझिंग हर्ट’ आहे, मराठीत इच्छापूर्वक दुखापत. पोलीस तक्रारीचं इंग्रजी करताना ‘जाणूनबुजून’ दिसलं की लगेच हा शब्द टाकू नका. माहीत असताना केलं तर ‘नोइंगली’, ठरवून त्याच हेतूने केलं तर ‘इंटेन्शनली’. तक्रारदार नेमकं काय म्हणतोय ते त्यालाच विचारा.

### चॉइस, ऑप्शन, प्रेफरन्स

ऑप्शन मोजता येतात, ‘थ्री ऑप्शन्स’. चॉइस म्हणजे त्यांतून निवडण्याची मोकळीक किंवा केलेली निवड. प्रेफरन्स म्हणजे क्रम लावलेली आवड. प्रवेशाच्या अर्जात तिघेही भेटतात. राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत ‘ऑप्शन फॉर्म’ असतो, आयआयटी-एनआयटीच्या जोसा प्रवेशात ‘चॉइस फिलिंग’, आणि दोन्हीकडे आपण भरतो तो पसंतीक्रम, म्हणजे प्रेफरन्स. पालकांनी चौकशीच्या मेलमध्ये ‘माय सन्स फर्स्ट ऑप्शन’ लिहिलं तरी कळतं, पण ‘फर्स्ट प्रेफरन्स’ लिहिलं तर उलट प्रश्न येत नाही.

ऐच्छिक विषय ‘ऑप्शनल’ किंवा ‘इलेक्टिव्ह’. तिथे ‘व्हॉलंटरी सब्जेक्ट’ हास्यास्पद होतं.

स्पेलिंगचा एक खड्डा इथेच आहे. ‘चूज’मध्ये दोन ओ, वर्तमानकाळ. ‘चोज’मध्ये एक ओ, भूतकाळ. तिसरं रूप ‘चोझन’. ‘चॉइस’ हे नाम. ‘आय चॉइस सायन्स’ हे दहावीनंतरच्या अर्जांत सर्रास दिसतं. हवं ‘आय चोज सायन्स’.

### कन्सेंट आणि डिस्क्रिशन

कन्सेंटला नेहमी दुसरी बाजू लागते. स्वतःच्याच कृतीला स्वतः कन्सेंट देता येत नाही, म्हणून ‘आय वेंट टू पुणे विथ माय ओन कन्सेंट’ चूक.

डिस्क्रिशन पदाला चिकटलेली असते. ‘प्लीज यूज युवर फ्री विल अँड सँक्शन माय लोन’ असं व्यवस्थापकाला लिहू नका; ‘ॲट युवर डिस्क्रिशन’. हीच सत्ता बेताल वापरली गेली अशी तक्रार असेल तर मनमानीला शब्द आहे ‘आर्बिट्ररी’.

## टप्पा ३: शब्दाची जोडी जुळवा

नेमका शब्द सापडला तरी त्याच्या मागचं-पुढचं चुकलं की वाक्य पडतं. इथे तर्क चालत नाही, पाठच करावं लागतं.

‘ऑफ माय ओन फ्री विल’, ‘ऑफ माय ओन व्होलिशन’, ‘ऑफ माय ओन अकॉर्ड’: तिन्हींना ऑफ. मराठीतल्या ‘ने’ प्रत्ययामुळे हात ‘बाय’ किंवा ‘विथ’कडे जातो, तो थांबवा. मात्र ‘बाय चॉइस’ला बाय आणि ‘ॲट युवर डिस्क्रिशन’ला ॲट. ‘ओन’ गाळू नका. त्याच्याशिवाय ‘ऑफ माय फ्री विल’ अर्धवट वाटतं.

क्रियापदं: चॉइस ‘मेक’ करतात, ‘डू’ नाही. डिस्क्रिशन आणि ऑप्शन ‘एक्सरसाइज’ करतात. कन्सेंट ‘गिव्ह’ करतात, मागे घेताना ‘विथड्रॉ’. ‘ऑप्ट’ला नामाआधी ‘फॉर’ हवाच: ‘ऑप्ट फॉर जिऑग्रफी’. ‘ऑप्ट जिऑग्रफी’ चूक, पण ‘सिलेक्ट जिऑग्रफी’ बरोबर.

‘चॉइस बिटवीन’नंतर ‘अँड’ येतो, ‘ऑर’ नाही: बिटवीन जळगाव अँड धुळे. ‘प्रेफर’नंतर ‘टू’ येतो, ‘दॅन’ नाही: प्रेफर जळगाव टू धुळे.

तपासणी: वाक्यातला मुख्य शब्द शब्दकोशात काढा आणि त्याखालच्या नमुना वाक्यात आपल्यासारखीच जोडी आहे का ते पाहा. नसेल तर आपलं वाक्य बदला. शब्दकोश चुकलाय असं गृहीत धरू नका.

## टप्पा ४: कागद पाहून शब्द ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. कायद्याच्या प्रत्येक कागदामागे एक अधिनियम असतो आणि त्या अधिनियमाने स्वखुशीसाठी स्वतःचा शब्द ठरवलेला असतो. तोच घ्यायचा. पर्यायी शब्द कितीही सुंदर असला तरी तो निबंधासाठी ठेवा.

करार. भारतीय करार अधिनियम १८७२ चा शब्द ‘फ्री कन्सेंट’. कलम १३ नुसार दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली तर ती संमती. कलम १४ नुसार ती ‘फ्री’ केव्हा, तर ‘कोअर्शन’ (जबरदस्ती), ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’ (गैरवाजवी प्रभाव), ‘फ्रॉड’ (कपट), ‘मिसरिप्रेझेंटेशन’ (चुकीची माहिती) किंवा ‘मिस्टेक’ (चूक) यांतून ती आलेली नसेल तेव्हा. ‘दबाव’ या एका मराठी शब्दाचे इथे दोन तुकडे होतात. धमकी दिली तर कोअर्शन. मोठा भाऊ, सावकार, मालक यांनी नात्याच्या किंवा पदाच्या वजनाने गैरफायदा घेतला तर अनड्यू इन्फ्लुअन्स. ‘विदाउट एनी प्रेशर’ लिहून दोन्ही झाकले जात नाहीत. दोन्ही नावं लिहा. आणि ‘फ्री कन्सेंट’चं मराठी करताना ‘मोफत संमती’ करू नका. यांत्रिक भाषांतरात असले नमुने येतात.

बक्षीसपत्र. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम १२२. शब्द ‘व्हॉलंटरिली अँड विदाउट कन्सिडरेशन’, म्हणजे स्वेच्छेने आणि मोबदल्याविना. दोन्ही हवेत. ‘विथ माय फुल हार्ट’ नको.

हक्कसोडपत्र. बहीण भावाच्या नावे वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सोडते, तेव्हाची नेहमीची ओळ: ‘मी माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून देत आहे.’ हिचं सरळ इंग्रजी: ‘आय एक्झिक्यूट धिस रिलीज डीड ऑफ माय ओन फ्री विल, बीइंग ऑफ साउंड माइंड, अँड विदाउट एनी कोअर्शन ऑर अनड्यू इन्फ्लुअन्स.’ दस्त ‘राइट’ करत नाहीत, ‘एक्झिक्यूट’ करतात. ‘राजीखुशी’चं ‘हॅपिली’ करू नका. हिस्सा सोडताना ती आनंदात होती की नाही हा दस्ताचा विषय नाही. आणि ‘राजीखुशीने’ शब्द मराठीत छापील असतो म्हणून इंग्रजीतही डोळे झाकून उतरवू नका, आधी तिला विचारा.

मृत्युपत्र. इथे फजिती ठरलेली, कारण मृत्युपत्रालाही इंग्रजीत ‘विल’च म्हणतात. ‘आय ॲम मेकिंग धिस विल ऑफ माय ओन फ्री विल’ चूक नाही, पण अडखळायला होतं. अशा वेळी ‘व्होलिशन’ घ्या. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ६१ मध्ये ‘फ्री एजन्सी’ असा शब्द आहे. कपट, जबरदस्ती किंवा मृत्युपत्र करणाऱ्याची फ्री एजन्सी हिरावून घेईल इतका पिच्छा पुरवून करवून घेतलेलं मृत्युपत्र शून्य ठरतं. तिथली ‘एजन्सी’ म्हणजे गॅस सिलिंडरची नव्हे, स्वतः ठरवून वागण्याची क्षमता.

स्वेच्छानिवृत्ती. ‘आय विश टू रिटायर व्हॉलंटरिली’ किंवा ‘आय ऑप्ट फॉर व्हॉलंटरी रिटायरमेंट’. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला २० वर्षांच्या अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन ती घेता येते, म्हणून ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ पुढे तारीख न चुकता हवी. राजीनाम्याच्या नमुन्यावर हा अर्ज कधीच टाइप करू नका. ‘रिझाइन’ आणि ‘रिटायर’ यांत निवृत्तिवेतनाचा फरक आहे, आणि एका क्रियापदाने तो पडतो.

दवाखाना. शस्त्रक्रियेआधी सही करतो तो ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’, म्हणजे माहिती घेऊन दिलेली संमती. डॉक्टरांचा सल्ला डावलून रुग्णाला घरी नेताना मात्र दोन वेगळ्या गोष्टी लिहायच्या असतात. स्वतः ठरवलं म्हणून ‘ऑफ अवर ओन फ्री विल’ आणि जबाबदारी आमची म्हणून ‘ॲट अवर ओन रिस्क’. ‘ॲट अवर ओन विल’ ही दोन्हींची खिचडी, तिचा धड अर्थ लागत नाही.

वैयक्तिक माहिती गोळा करणारे अर्ज. बचत गट, शिकवणी वर्ग, दुकानांची ॲप आता संमतीचा रकाना ठेवतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम ६ ला संमती ‘फ्री, स्पेसिफिक, इन्फॉर्म्ड, अनकंडिशनल, अनॲम्बिग्युअस’ हवी. ‘आय ॲग्री टू एव्हरीथिंग’ अशी ओळ त्यांतल्या ‘स्पेसिफिक’लाच अडते.

इशारा: दस्ताचा अंतिम मसुदा वकिलाच्या नजरेखालून घाला. इथली वाक्यं शब्द निवडण्यासाठी आहेत, दस्ताचा पूर्ण नमुना म्हणून नाहीत.

## टप्पा ५: तत्त्वज्ञानाचा पेपर लिहिणाऱ्यांसाठी

दस्तातलं ‘फ्री विल’ आणि तत्त्वज्ञानातलं ‘फ्री विल’ यांची गल्लत करू नका. दस्तात प्रश्न एवढाच, की कोणी भाग पाडलं का? तत्त्वज्ञानात प्रश्न असा, की कोणीही भाग पाडलेलं नसलं तरी माणूस वेगळं ठरवू शकला असता का? म्हणून मराठीतही दस्तात ‘स्वखुशीने’ आणि पेपरात ‘इच्छास्वातंत्र्य’ किंवा ‘संकल्पस्वातंत्र्य’. ‘मुक्त इच्छा’ दोन्हीकडे परकं वाटतं. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था असलेल्या मुलखात निदान हा शब्द तरी नीट लिहिला जावा.

सर्वांत जास्त गुण जातात ते ‘डिटरमिनिझम’ला ‘नशीब’ म्हटल्यामुळे. डिटरमिनिझम म्हणजे नियतत्ववाद: प्रत्येक घटना आधीच्या कारणांतून येते, आणि तुमचा निर्णयही त्या साखळीतलीच एक कडी. ‘फेटलिझम’ म्हणजे दैववाद: तुम्ही काहीही करा, व्हायचं ते होणारच. पहिल्यात अभ्यास केला म्हणून पास झालात. दुसऱ्यात अभ्यासाला अर्थच उरत नाही.

‘कम्पॅटिबिलिझम’ म्हणजे नियतत्ववाद आणि इच्छास्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात असं मत. या विषयातला ‘लिबर्टेरियनिझम’ राजकारणातला नव्हे; इच्छास्वातंत्र्य आहे आणि नियतत्ववाद खोटा, असं तो म्हणतो. ‘ऑटोनॉमी’ला स्वायत्तता, ‘एजन्सी’ला कर्तेपण. ‘फ्रीडम ऑफ चॉइस’ हे बहुधा बाहेरच्या अडथळ्यांबद्दल असतं, फ्री विल आतल्या क्षमतेबद्दल. तुरुंगातल्या माणसाकडे पहिलं फार थोडं उरतं, दुसरी तेवढीच राहू शकते. पेपरात हे एक उदाहरण दिलंत तर व्याख्येच्या अर्ध्या पानाची गरज पडत नाही.

## टप्पा ६: सहीआधीची उलट तपासणी

१. तयार इंग्रजी वाक्य मूळ मराठी न पाहता परत मराठीत सांगा. ‘तयार आहे’चं ‘इच्छुक आहे’ झालं किंवा ‘हिस्सा सोडते’चं ‘हिस्सा देते’ झालं, तर दुसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर परत जा.

२. उलट शब्द लावून पाहा. व्हॉलंटरीचा विरुद्ध ‘कंपल्सरी’ किंवा ‘फोर्स्ड’. ऑप्शनलचा ‘मँडेटरी’. विलिंगचा ‘अनविलिंग’, म्हणजे नाखूश. विरुद्ध शब्द तुमच्या प्रसंगात हास्यास्पद वाटत असेल तर मूळ शब्द चुकलाय.

३. एकच गोष्ट तीन शब्दांत सांगितली आहे का पाहा. ‘व्हॉलंटरिली, विलिंगली अँड ऑफ माय ओन फ्री विल’ अशी माळ जुन्या दस्तांत सापडते. त्यातलं एक ठेवा, दोन काढा. कोअर्शन आणि अनड्यू इन्फ्लुअन्स मात्र काढू नका, त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

४. कागद इंग्रजीत आणि सही करणाऱ्याला इंग्रजी येत नाही, अशी वेळ खानदेशात रोज येते. अशा कागदावर वरची सगळी शब्दांची निवड एका ओळीवाचून वाया जाते, कारण ‘एकाच अर्थाने’ मान्यता देण्यासाठी आधी अर्थ कळायला हवा. सहीच्या किंवा अंगठ्याच्या वर ती ओळ घाला: ‘द कंटेंट्स ऑफ धिस डॉक्युमेंट हॅव बीन रेड ओव्हर अँड एक्सप्लेन्ड टू मी इन अहिराणी, अँड आय हॅव अंडरस्टूड देम.’ तिच्यात ‘लोकल लँग्वेज’ किंवा ‘व्हर्नॅक्युलर’ असा मोघम शब्द नको. ज्या भाषेत खरोखर समजावलं तिचंच नाव लिहा: मराठी, अहिराणी, पावरी, भिलोरी, जी असेल ती. आणि जो समजावून सांगेल त्याचं नाव, सही आणि तारीख त्याखालीच घ्या. तो माणूस ज्याच्या नावे कागद होतोय त्याच्या घरचा नसावा.